फुकट मिळतं ते विकत घेताना: उबुंटू, सूझे आणि ओपनबीएसडीच्या बॉक्सचं परीक्षण

जुलै २००८ मध्ये अमेरिकेतल्या बेस्ट बायच्या दुकानांत उबुंटू ८.०४ चा बॉक्स विकायला आला. उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी, लिनक्सवर उभी असलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ८.०४ ही तिची एक आवृत्ती. किंमत १९.९९ डॉलर. आत सीडी, सुरुवात करून देणारी एक छोटी पुस्तिका आणि ६० दिवसांच्या मदतीचा हक्क. ही मदत उबुंटूमागची कंपनी कॅनॉनिकल देत नव्हती, तर बॉक्स बाजारात आणणारी व्हॅल्यूसॉफ्ट देत होती. त्याच काळात कॅनॉनिकल 'शिपइट' योजनेतून तीच उबुंटू सीडी जगभर, भारतातही, टपालखर्चासकट मोफत पाठवत होती. नेट चांगलं असेल तर सुमारे ७०० एमबीची आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची हुबेहूब प्रत, कोणीही उतरवून घेऊ शकत होतं. तरीही हा बॉक्स काढण्यात काही गैर नव्हतं, आणि तो विकत घेणारा फसला असंही म्हणता येत नाही. प्रश्न इतकाच, की सॉफ्टवेअरची किंमत शून्य धरली तर उरलेल्या वस्तू दिलेल्या पैशांच्या लायकीच्या आहेत का. मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा कुठलाही बॉक्स आम्ही याच एका मापाने तोलतो: छापील पुस्तिका, नीट तपासलेली डिस्क, आणि अडलं की बोलायला मिळणारा माणूस.

आधी उबुंटूचा बॉक्स घेऊ, कारण दुकानात सहज चक्कर मारणाऱ्या माणसासाठी काढलेला हाच होता.

सीडी विंडोज चालू असताना घातली की एक छोटी खिडकी उघडते आणि त्यात 'विंडोजच्या आत बसवा' असा पर्याय मिळतो. यामागचं साधन म्हणजे वुबी, आणि ते सीडीवर पहिल्यांदा आलं ते ८.०४ मध्येच. वुबी हार्ड डिस्कची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे पाडलेले भाग, बदलत नाही. विंडोजच्या ड्राइव्हवर एक मोठी फाइल तयार करतं, जास्तीत जास्त ३० जीबीची, आणि उबुंटू त्या फाइलमध्ये राहतं. नको झालं तर विंडोजच्या 'अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स' मधून इतर कुठल्याही प्रोग्रॅमसारखं काढून टाकता येतं. नवख्यासाठी यापेक्षा सुरक्षित वाट त्या वेळी कुठल्याच लिनक्समध्ये नव्हती आणि बॉक्सची सगळ्यात भक्कम बाजू हीच. पण वुबीच्या मर्यादा माहीत हव्यात. हायबरनेट चालत नाही. वीज अचानक गेली तर ती एक मोठी फाइलच बिघडण्याचा धोका, कारण एका फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेच्या) पोटात दुसरी बसलेली असते आणि दोन्ही एकाच वेळी अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात. म्हणून वुबी चाखून पाहण्यापुरतं वापरावं. रोजच्या कामाला बसवायचं असेल तर सीडीवरून संगणक चालू करून वेगळं पार्टिशन द्यावं. त्यासाठी ३८४ एमबी रॅम हवी. त्याहून कमी असेल तर लाइव्ह डेस्कटॉप, म्हणजे सीडीवरूनच चालणारं उबुंटू, रखडत चालतो आणि बसवतानाच अडकतो. कमी रॅमवाल्यांसाठी अक्षरी पडद्यावर चालणारी 'अल्टरनेट' सीडी होती, पण ती वेगळी उतरवावी लागे.

खरी अडचण बसवून झाल्यावर सुरू होते. दुकानातून सीडी विकत घेणारा माणूस बहुधा तोच, ज्याच्याकडे नेट नाही किंवा फार हळू आहे. आणि ८.०४ ला पहिल्याच दिवशी नेट लागतं. एमपी३ गाणं वाजवायचं, फ्लॅशचा व्हिडिओ पाहायचा, तर 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' नावाचा संच उतरवावा लागतो. पेटंट आणि परवान्यांमुळे तो सीडीवर घालता येत नव्हता. लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर कर्नलमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला, बी४३ ड्रायव्हर असतो, पण चिपमध्ये भरायचं फर्मवेअर नसतं. ते काढून देणारं साधन ती फाइल नेटवरून आणतं. म्हणजे वायफाय सुरू करायला नेट हवं आणि नेटसाठी वायफाय. उपाय एकच: संगणक आधी तारेने राउटरला जोडा, 'सिस्टिम' मधून 'अॅडमिनिस्ट्रेशन' आणि तिथून 'हार्डवेअर ड्रायव्हर्स' उघडा, फर्मवेअर उतरवू द्या, मग तार काढा. तारेची सोय नसेल तर दुसऱ्या संगणकावर ते पॅकेज उतरवून पेनड्राइव्हने आणावं लागतं. आम्हाला हा बॉक्स डावा वाटतो तो याच ठिकाणी. झटपट ओळखीच्या पुस्तिकेत असे प्रसंग मावत नाहीत आणि नवख्याला गरज असते ती नेमकी त्यांचीच.

आवाजाचंही असंच. ८.०४ मध्ये सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र करणारं पल्सऑडिओ पहिल्यांदा मुळातून घातलं गेलं, पण सगळे प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेतलेले नव्हते. फ्लॅश थेट अल्साशी, म्हणजे साउंड कार्डच्या ड्रायव्हरशी, बोलायचं, साउंड कार्ड अडवून बसायचं आणि दुसऱ्या प्रोग्रॅमचा आवाज बंद व्हायचा. त्यावर दिला जाणारा उपाय म्हणजे लिबफ्लॅशसपोर्ट, आणि तो बसवला की फायरफॉक्स मध्येच बंद पडायचा. फायरफॉक्सही सीडीवर ३ ची बीटा ५ आवृत्ती होती. तीन वर्षं सांभाळायच्या आवृत्तीत बीटा ब्राउझर घालणं हा धाडसी निर्णय होता. अपडेटमधून पक्की आवृत्ती मिळाली खरी, पण बॉक्समधल्या सीडीवर बीटाच राहिली.

छापलेल्या डिस्कची सगळ्यात गंभीर मर्यादा मात्र सुरक्षेची आहे, आणि या बॉक्सच्या बाबतीत ती नावानिशी सांगता येते. डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल (सांकेतिकीकरणाच्या) पॅकेजमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये एक बदल झाला आणि त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या फक्त ३२,७६७ किल्ल्या शक्य उरल्या, म्हणजे कोणीही सगळ्या आधीच बनवून ठेवू शकत होतं. उबुंटू डेबियनवर उभं असल्याने ७.०४, ७.१० आणि ८.०४ तिन्हींत ही चूक आली. १३ मे २००८ ला ती जाहीर झाली, तेव्हा ८.०४ बाजारात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दुरुस्ती असलेली ८.०४.१ आली ३ जुलैला. तेव्हा हा बॉक्स कुठे मिळाला तर आधी सीडीवरचा आकडा वाचा. नुसतं ८.०४ लिहिलेलं असेल तर त्या सीडीवरून बसवलेल्या संगणकावर अपडेटपूर्वी बनवलेली प्रत्येक एसएसएच किल्ली (दूरच्या संगणकात शिरण्याची) रद्द समजायची. अपडेट करून 'एसएसएच-वल्नकी' हा आदेश चालवला की कच्च्या किल्ल्या ओळखून दाखवतो. मग त्या पुसून नव्या बनवायच्या, आणि जिथे जिथे जुनी सार्वजनिक किल्ली दिली होती तिथून ती काढायची. ही शेवटची पायरी लोक विसरतात. नवी किल्ली बनवली म्हणून जुनीचा दरवाजा आपोआप बंद होत नाही.

मराठी वापरणाऱ्यासाठी एक मुद्दा. देवनागरी वाचायची सोय ८.०४ मध्ये होती आणि कीबोर्डच्या यादीत 'इंडिया' निवडलं की इन्स्क्रिप्ट मांडणी मिळायची. मेनू मराठीत हवे असतील तर भाषेचा संच मात्र नेटवरून घ्यावा लागे, कारण एका सीडीवर मोजक्याच भाषा मावत होत्या. जगभर एकच सीडी पाठवायची म्हटलं की हे होणारच. स्थानिक विक्रेत्याने बॉक्स काढला असता तर दुसऱ्या सीडीवर हे संच घालून देता आले असते, परवान्याची काही आडकाठी नव्हती. ती संधी आपल्याकडे फारशी कोणी घेतली नाही, ही आमची खंत आहे. भारतात लिनक्सचा प्रसार केला तो मासिकांनी. पीसीक्वेस्टने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, २००३ पासून 'लिनक्स फॉर यू' मासिकासोबतही सीडी येऊ लागली. मासिकाच्या अंकात बसवण्याच्या पायऱ्या छापलेल्या, सीडी सोबत, आणि हे सगळं मासिकाच्या किमतीत. अर्थाने तो बॉक्सच होता, आणि मोडेमवर तासागणिक पैसे मोजणाऱ्या वाचकाला ७०० एमबी उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता सूझे, हेही लिनक्सच. जर्मनीतल्या न्युरेंबर्गच्या या कंपनीने बॉक्स विकणं हाच वर्षानुवर्षं मुख्य धंदा ठेवला होता आणि ते बॉक्समध्ये दिसतं. २००४ च्या सूझे लिनक्स ९.१ प्रोफेशनलची किंमत ८९.९५ डॉलर, म्हणजे उबुंटूच्या बॉक्सच्या साडेचार पट. पण आत पाच सीडी, दोन डीव्हीडी, वापरकर्त्यासाठी एक पुस्तक, संगणक सांभाळणाऱ्यासाठी दुसरं जाडजूड पुस्तक आणि बसवण्यासाठी ९० दिवसांची मदत. एक डीव्हीडी दोन्ही बाजूंनी वाचता येणारी, एकीकडे ३२ बिट आणि दुसरीकडे ६४ बिट. सोर्स कोडही डीव्हीडीवर. नेट नसलेल्या घरात हा बॉक्स एकटा पुरतो: डेस्कटॉप, ऑफिस, सर्व्हर, कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन), सगळं डिस्कवर, आणि यास्ट नावाच्या एकाच साधनातून बसवता येतं. पॅकेज निवडलं की यास्ट त्याला लागणारी बाकीची पॅकेज स्वतः शोधतं आणि अमुक क्रमांकाची सीडी घाला असं सांगतं. डीव्हीडीवरून बसवलं तर तेवढाही त्रास नाही. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर सीडींना हातच लावू नये.

खरी किंमत आहे ती संगणक सांभाळणाऱ्यासाठी असलेल्या पुस्तकाला. पार्टिशन कशी करावीत, बूटलोडर (संगणक चालू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम) बिघडला तर काय, छपाई, सांबा (विंडोजशी फाइली वाटून घेणं), अपाची (वेब सर्व्हर), फायरवॉल, कर्नल बदलणं, सगळं त्याच आवृत्तीच्या पडद्यांवर बेतून लिहिलेलं. नेटवर शोधलेली उत्तरं वेगवेगळ्या आवृत्त्यांची असतात आणि नवख्याला कोणती आपली ते कळत नाही. इथे पुस्तक आणि डिस्क एकमेकांसाठी बनलेली. संगणक चालूच होत नसताना नेटवर शोधणारही कसं? तेव्हा छापील पान लागतं. ज्यांनी सूझेच्या पुस्तकांवर लिनक्स शिकलं त्यांना ते आजही आठवतं, आणि ती आठवण निव्वळ जुन्याच्या ओढीतून आलेली नाही. पुस्तकं खरोखर चांगली होती.

पर्सनल आवृत्ती २९.९५ डॉलरला मिळायची आणि ती घेऊ नका असाच सल्ला तेव्हाही द्यायला हवा होता. तिच्यात कंपायलर नव्हता. एखाद्या मोडेमचा किंवा ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर स्वतः बांधायची वेळ आली की माणूस तिथेच थांबला. ६० डॉलर वाचवायला जाऊन सगळ्यात जास्त लागणारी गोष्टच गमवायची.

९.१ चा सर्वात मोठा दोष पुस्तकात सापडणार नव्हता, कारण पुस्तक छापखान्यात गेलं तेव्हा तो उघड झालेला नव्हता. विंडोज एक्सपीच्या शेजारी ९.१ बसवली की काही संगणकांवर एक्सपी सुरूच होईना. माहिती शाबूत, पण बूट अडलेलं. कारण असं: २.६ कर्नलने बायोसकडून, म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमकडून, मिळणारी डिस्कची जुनी मोजणी, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे, सांगणं सोडलं. पार्टिशन करणाऱ्या साधनाने मग स्वतःचा अंदाज धरला, आणि तक्त्यात २५५ हेडच्या जागी १६ हेडच्या हिशोबाने आकडे लिहिले. लिनक्स ते आकडे पाहत नाही. एक्सपीचा बूट सेक्टर पाहतो आणि चुकीच्या जागी वाचायला जातो. फेडोरा कोअर २ आणि मँड्रेक १० या लिनक्समध्येही त्या वर्षी हेच झालं. साधा उपाय बायोसमध्ये आहे: हार्ड डिस्कची पद्धत 'ऑटो' असेल तर ती 'एलबीए' करून पाहायची, बऱ्याचदा तेवढ्याने एक्सपी उठतो. नाही झालं तर लिनक्समध्ये शिरून एसएफडिस्क या साधनाने आताचा पार्टिशनचा तक्ता फाइलमध्ये उतरवून ठेवायचा, आणि तोच तक्ता हेडची संख्या २५५ देऊन परत लिहायचा. पार्टिशनच्या सुरुवातीचे आणि लांबीचे सेक्टर तेच राहतात, फक्त जुन्या मोजणीचे आकडे सुधारतात. घाबरून एक्सपी पुन्हा बसवू नये. ते केलं तर लिनक्सचा बूटलोडर उडतो आणि एका अडचणीच्या दोन होतात.

९० दिवसांच्या मदतीची किंमत अशा दिवशी कळते. पुस्तक गोठलेलं असतं, डिस्क गोठलेली असते, फोनच्या पलीकडचा माणूस मात्र गेल्या आठवड्यात निघालेला दोष जाणतो. पण मदत फक्त बसवण्यापुरती असते, सर्व्हर उभा करून देण्याची नव्हे, आणि बॉक्समधला नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय मिळत नाही. जुना वापरलेला बॉक्स घेणाऱ्याला हा भाग गेलाच समजायचा.

बॉक्स घेणाऱ्याला सूझे वेळही विकत होती. दुकानात ९.१ आल्यावर काही आठवड्यांनी ती एफटीपीवर, म्हणजे नेटवरून उतरवायला, मोफत आली. शिवाय २००४ पूर्वी यास्टचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता, यास्ट असलेल्या डिस्कच्या प्रती काढून विकायला परवानगी नव्हती. शेजाऱ्याला फुकट द्या, पण धंदा करू नका, असा त्याचा अर्थ. नॉव्हेल या अमेरिकी कंपनीने जानेवारी २००४ मध्ये सूझेची खरेदी पूर्ण केली आणि त्याच वर्षी यास्ट जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणलं. बॉक्सच्या धंद्याचं संरक्षण गेलं, पण आमच्या मते ते योग्यच झालं. पुस्तक आणि मदत चांगली असेल तर कुंपणाची गरज नाही.

रेड हॅट या अमेरिकी लिनक्स कंपनीच्या बॉक्सबद्दल थोडक्यात. रेड हॅट लिनक्स ९, मार्च २००३, साधी आवृत्ती ३९.९५ डॉलर आणि प्रोफेशनल १४९.९५. पैसे भरून रेड हॅट नेटवर्कचे सदस्य झालेल्यांना ३१ मार्चला उतरवून मिळाली, बाकीच्यांना आठवडाभराने. बॉक्स देखणा, पण अपडेटचा काळ ३० एप्रिल २००४ ला संपला. २००३ च्या दिवाळीत बॉक्स घेतलेल्या माणसाला जेमतेम सहा महिने मिळाले. त्यात पेटंटच्या भीतीने ८.० पासूनच एमपी३ वाजवायची सोय काढलेली. बॉक्स घेण्यापूर्वी अपडेट किती दिवस मिळणार हा प्रश्न विचारायची सवय लोकांना लागली ती इथूनच. कंपनीने नंतर दुकानातला बॉक्स बंद केला आणि वार्षिक वर्गणीच्या एंटरप्राइझ लिनक्सकडे वळली. वर्गणीत विकली जाणारी गोष्ट तीच, मदत आणि अपडेट, फक्त पुठ्ठा गेला.

ओपनबीएसडीच्या सीडी संचाचा प्रकार वेगळा. लिनक्स नव्हे, बीएसडी घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, कॅनडातल्या कॅलगरीहून चालणारी. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि तिचा तीन सीडींचा संच, शेवटच्या वर्षांत किंमत ५० डॉलर. आत स्टिकर, मागच्या बाजूला बसवण्याच्या सूचना, आणि एका सीडीवर त्या आवृत्तीसाठी रचलेलं गाणं ध्वनिमुद्रित. फोनवर मदत नाही, जाड पुस्तक नाही. पुस्तकाची गरजही नसते, कारण सिस्टिमसोबत येणारी मॅन पानं (पडद्यावर वाचायची माहितीपानं) अतिशय नेटकी असतात. मग ५० डॉलर कशाला? एक म्हणजे हे पैसे सरळ प्रकल्पाकडे जात. दुसरं कारण तांत्रिक, आणि आम्हाला ते फार मोलाचं वाटतं. ५.५ आवृत्तीपासून प्रत्येक फाइलवर सिग्निफाय या साधनाने सही होऊ लागली, आणि ती सही पडताळायची सार्वजनिक किल्ली सीडीवर छापलेली असे. नेटवरून उतरवलेल्या फाइलची किल्लीही नेटवरूनच घेतली तर दोन्ही एकाच वाटेने आलेल्या. टपालाने आलेल्या सीडीवरची छापील किल्ली दुसऱ्या वाटेने येते. ती अक्षर अक्षर ताडून पाहायची, जुळली की पुढच्या फाइलींवर विश्वास ठेवायला पाया मिळाला. छापील वस्तूचा एवढा चपखल उपयोग दुसऱ्या कुठल्या बॉक्सने केलेला नाही.

सीडीवरची मांडणी मात्र प्रकल्पाचे प्रमुख थिओ द राट यांच्या स्वामित्वहक्काखाली होती. आतलं सॉफ्टवेअर कोणीही घ्यावं, पण त्या सीडीची हुबेहूब प्रत काढून विकू नये. सप्टेंबर २०१६ ची ६.० ही सीडीवर आलेली शेवटची आवृत्ती, त्यानंतर सगळं नेटवर.

फुकट वस्तू विकणं कायद्यात बसतं का, असं अजूनही विचारलं जातं. बसतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमची टेप १५० डॉलरला विकली होती. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्रतीसाठी कितीही किंमत घ्या किंवा घेऊ नका असं सरळ लिहिलं आहे. पण स्वतः डिस्क किंवा पेनड्राइव्ह विकायला बसणाऱ्याने दोन गोष्टी पाळायलाच हव्यात. पहिली, सोर्स कोड. तो सोबत द्या, नाहीतर निदान तीन वर्षं मागेल त्याला प्रत काढण्याच्या खर्चात देऊ असं लेखी द्या. मूळ वेबसाइटवर आहे की, असं सांगून धंदेवाल्याची सुटका होत नाही, जबाबदारी विकणाऱ्याची. सगळ्यात सोपा मार्ग, विकलेल्या आवृत्तीच्या सोर्स फाइली त्याच दिवशी उतरवून जपून ठेवणं, कारण दोन वर्षांनी ती आवृत्ती मूळ सर्व्हरवरून हललेली असते. दुसरी गोष्ट नावाची. सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क असतात. रेड हॅटच्या डिस्कची प्रत काढून विकणाऱ्यांना ते नाव लावता येईना, तेव्हा एका अमेरिकी विक्रेत्याने तीच गोष्ट 'पिंक टाय' नावाने विकली. डिस्कमध्ये स्वतःची पॅकेज घालून वर उबुंटू लिहायचं असेल तर कॅनॉनिकलची परवानगी लागते. जसंच्या तसं विकत असाल तर तसं स्पष्ट छापा.

यातला एखादा जुना बॉक्स आज हाती आला, तर तो नेटला जोडलेल्या खऱ्या संगणकावर बसवू नका. उबुंटू ८.०४ च्या डेस्कटॉपला अपडेट मे २०११ मध्ये थांबले, सूझे ९.१ चे २००६ मध्ये. तेव्हाचा ब्राउझर सुरक्षित जोडणीच्या टीएलएस १.० या जुन्या पद्धतीच्या पुढे जाणत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक वेबसाइट उघडतही नाहीत. डिस्क आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने) आयएसओ करून घ्या, तुकड्याचा आकार २०४८ बाइट ठेवून. दोन्ही बाजूंच्या डीव्हीडीला लेबलची बाजूच नसते, त्यामुळे ओरखडे कुठेही पडलेले असू शकतात. एका ड्राइव्हवर वाचता आली नाही तर दुसऱ्यावर डीडीरेस्क्यूची तीच नोंद फाइल देऊन पुढे चालवा, उरलेले तुकडे भरून निघतात. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एक प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, आणि डिस्क साटाऐवजी जुन्या आयडीई प्रकारच्या कंट्रोलरवर. सूझे ९.१ च्या कर्नलला साटाचा तो प्रकार ओळखता येत नाही आणि बसवताना 'हार्ड डिस्क सापडली नाही' असं येतं. नेटवर्क कार्ड पीसीनेट ठेवा. जुना बॉक्स विकत घेताना पैसे पुस्तकांचे मोजा. पुस्तकं नसतील आणि फक्त डिस्क असतील, तर ते घेण्यात अर्थ नाही.

आज बॉक्सची जागा ऑनलाइन बाजारात मिळणाऱ्या लिनक्स पेनड्राइव्हनी घेतली आहे. वर्णनात 'आजीवन लायसन्स की' असं लिहिलेलं असेल तर पुढे जाऊ नका. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट यांना कसलीही की लागत नाही, आणि ज्याला हे माहीत नाही त्याने आत काय भरलं असेल याची खात्री नाही. कोणती आवृत्ती आणि कोणत्या महिन्याची, हे लिहिलेलं नसेल तरी तेच. पेनड्राइव्ह घरी आली की आधी तिची क्षमता खरी आहे का ते एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने तपासा, कारण ३२ जीबी छापून आत ८ जीबीची चिप घातलेले माल येतात. पूर्ण तपासणीसाठी ती आधी फॉरमॅट करून रिकामी करावी लागते, म्हणजे आतलं सगळं पुसलं जातं, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मूळ वेबसाइटवरून आयएसओ उतरवा, तिचा एसएचए२५६ आकडा (फाइलचा ठसा) तिथल्या आकड्याशी ताडून पाहा, आणि रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर स्वतः लिहा. रूफसने विचारलं तर आधी आयएसओ पद्धत निवडा, संगणक त्यावरून उठला नाही तर डीडी पद्धत. नेट अजिबात नसेल तर विक्रेत्याची पेनड्राइव्ह वापरण्याशिवाय इलाज नाही. अशा वेळी गावातल्या लिनक्स वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ती लिहून घेणं कधीही बरं. अडलं तर विचारायला माणूसही तोच मिळतो.